‘गॅस झालाय’ म्हणण्याआधी

(युवा गटाच्या मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली काही वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. त्यामुळे आज मी कुणाला औषध सांगणार नाही. गोळी कोणती, इन्सुलिन किती युनिट, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मी बोलणार आहे ते घरातल्या माणसाने काय बघायचं, काय लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं याबद्दल.

आधी हात वर करायला सांगतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात डायबेटिसचा पेशंट आहे? अम्मी, अब्बा, दादी, चाचा, कुणीही. बघा, जवळजवळ सगळ्यांचे हात वर आहेत. यात आश्चर्य नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आता दुसरा प्रश्न. त्या पेशंटपैकी कुणाला पोटाचा त्रास आहे? गॅस, अॅसिडिटी, दोन घास खाल्ले की पोट भरणं, बद्धकोष्ठ, मधूनच जुलाब? बरेच हात आहेत. आणि तिसरा प्रश्न. हा पोटाचा त्रास शुगरच्या डॉक्टरांना सांगितलाय असे किती? आता मोजून तीन हात.

मला आज या तीन हातांबद्दल बोलायचंय. आपल्या घरात शुगर वेगळी असते आणि पोट वेगळं असतं. शुगरसाठी डॉक्टर, आणि पोटासाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली गोळी. पण पोटाची तक्रार ही कित्येकदा शुगरचीच तक्रार असते. ती ओळखली नाही तर उपचार चुकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, आजारी माणसावरच खोटेपणाचा आरोप होतो.

शुगर नेमकं काय बिघडवते

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा हळूहळू खराब होतात. डोळे, किडनी, पायाला मुंग्या, हे आपण ऐकलेलं असतं. पण नसा फक्त हातापायांत नसतात. मेंदूतून निघून मान आणि छाती ओलांडून पोटापर्यंत जाणारी एक लांब नस आहे, तिला व्हेगस म्हणतात. जेवण आलंय, आता घुसळ, आता थोडंथोडं पुढे सोड, हा निरोप जठराला तिच्यातून मिळतो. जठर मिनिटाला साधारण तीन वेळा आकुंचन पावतं. हा ठेका धरणाऱ्या खास पेशी जठराच्या भिंतीत असतात. रामोन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. जुन्या डायबेटिसमध्ये ही नस आणि या पेशी, दोन्हींना इजा होऊ शकते.

असं झालं की जठर रिकामं व्हायला फार वेळ लागतो. वाटेत गाठ नाही, अडथळा नाही, तरी जेवण पुढे सरकत नाही. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. डायबेटिसमध्ये होणाऱ्या या त्रासाला कॅसँडर नावाच्या डॉक्टरांनी १९५८ साली हे नाव दिलं. म्हणजे वैद्यकशास्त्राला ही गोष्ट निदान साठ-पासष्ट वर्षं माहीत आहे. आपल्या घरांपर्यंत मात्र ती अजून पोचलेली नाही.

लक्षणं अशी: थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटणं, जेवणानंतर कितीतरी तास पोट जड राहणं, मळमळ, ढेकरा, वजन उतरणं आणि उलटीत काही तासांपूर्वी खाल्लेलं अन्न जसंच्या तसं दिसणं. ही शेवटची खूण फार महत्त्वाची आहे. रात्री नऊला झालेल्या उलटीत दुपारचा भात दिसला तर तो साधा गॅस नाही.

हे प्रत्येक डायबेटिकला होतं असं मुळीच नाही. बहुतेकदा आजार बरीच वर्षं जुना असतो, शुगर बराच काळ वाढलेली असते आणि डोळे किंवा पायांवरही परिणाम दिसू लागलेला असतो. आणखी एक गोष्ट. नसा ठणठणीत असल्या तरी ज्या दिवशी शुगर खूप वाढलेली असते, त्या दिवशी जठर मंद चालतं. म्हणजे शुगर वाढली की जठर मंदावतं, आणि जठर मंदावलं की औषधाचा हिशेब चुकून शुगर पुन्हा बिघडते.

अब्बांची वही

आता माझ्या घरातलं सांगतो. माझे अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. डायबेटिस सतरा वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. तीन वर्षांपूर्वी त्यांची शुगर विचित्र वागायला लागली. जेवणानंतर दीड-दोन तासांनी ७०च्या खाली, हातपाय थरथरतायत, घाम सुटलाय. आणि मध्यरात्री तपासली तर ३००च्या पुढे.

घरात याचा एकच अर्थ निघाला. अब्बा चोरून खातात. अम्मीने साखरेचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. फुफी आल्या की विचारायच्या, "भाईजान, आज काय खाल्लं, खरं सांगा." डॉक्टरही कागद बघून म्हणाले, "चाचा, पथ्य पाळत नाही तुम्ही," आणि डोस वाढवला. डोस वाढल्यावर जेवणानंतरची शुगर आणखी खाली जाऊ लागली. ज्या माणसाने तीस वर्षं बसच्या इंजिनाखाली झोपून काम केलं, तो माणूस घरच्यांसमोर जेवायला लाजू लागला. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाटीला त्यांनी हातही लावला नाही, कारण सगळे बघत होते.

पोट जड राहण्यासाठी अॅसिडिटीची गोळी चालू होतीच. ती दोन वर्षं चालली.

मी पुण्यात होतो. आमच्या कामात एखादा प्रोग्रॅम अधूनमधून चुकत असेल तर आम्ही तर्क करत बसत नाही, नोंदी काढून बघतो. मी अब्बांना एक वही आणून दिली आणि पाच रकाने आखून दिले. इन्सुलिन किती वाजता, जेवण किती वाजता, काय खाल्लं, शुगर किती वाजता किती आली, आणि पोटाचं काय म्हणणं. अब्बा मेकॅनिक माणूस, त्यांना नोंदी ठेवायची सवय होती. तीन आठवड्यांत वही भरली.

त्या वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसली. खिमा, पाया, तळलेलं काही, किंवा कच्ची कोशिंबीर आणि मोड आलेली कडधान्यं पोटात गेली, की त्या दिवशी आधी शुगर पडायची आणि पाच-सहा तासांनी चढायची. मऊ खिचडी, सूप, पेज असलेल्या दिवशी असं होत नव्हतं. चोरून खाणाऱ्या माणसाचा असा ठराविक नमुना दिसत नाही.

ती वही घेऊन आम्ही पोटविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही वाचली आणि अब्बांना एकच प्रश्न विचारला, "उलटीत आदल्या जेवणाचं अन्न दिसतं का?" अब्बा खाली बघून म्हणाले, "हो. दोन-तीन महिने झाले." घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आणखी चौकशी झाली असती.

मग एंडोस्कोपी झाली, कारण अडथळा किंवा गाठ नाही याची आधी खात्री करावी लागते. त्यानंतर जठर किती वेळात रिकामं होतं याची तपासणी झाली. यात अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेलं हलकं जेवण देतात आणि चार तासांपर्यंत ठराविक वेळाने चित्रं घेतात. चार तासांनंतरही जठरात १० टक्क्यांहून जास्त जेवण शिल्लक असेल, तर जठर मंद आहे असं मानतात. अब्बांच्या पोटात त्याच्या कितीतरी पट शिल्लक होतं.

आता हिशेब बघा. अन्नाची साखर ठरलेल्या वेळी रक्तात येईल असं धरून इन्सुलिन घेतलं जातं. अब्बांचं इन्सुलिन वेळेवर कामाला लागत होतं, पण जेवण जठरातच अडकलेलं. म्हणून आधी शुगर पडायची. मग चार-पाच तासांनी जेवण आतड्यात उतरायचं, तेव्हा त्या डोसचा जोर ओसरलेला असायचा. म्हणून शुगर चढायची. माणूस प्रामाणिक होता. त्याच्या शरीरातली वेळ चुकत होती.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी तपासणी तुम्हाला माहीत असेल. अब्बांचा तो आकडा फारसा वाईट नव्हता. कारण ६० आणि ३०० यांची सरासरी काढली तर ती बरीच सभ्य दिसते. सरासरीत चढउतार लपतो. म्हणून रिपोर्टवरचा एक आकडा बघून समाधान मानू नका. दिवसभरात काय होतंय तेही बघा.

अब्बा पूर्ण बरे झाले असं मी सांगणार नाही. खराब झालेल्या नसा सहसा पूर्ववत होत नाहीत. पण डॉक्टरांनी इन्सुलिनचा प्रकार आणि वेळ बदलली, जठर हलवणारं औषध थोड्या काळासाठी दिलं आणि तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी जेवणं सांगितली. तेल-तूप कमी, अन्न मऊ, नीट चावून, जेवणानंतर लगेच आडवं न होता थोडं चालणं. उलट्या थांबल्या. साखरेच्या डब्याचं कुलूप निघालं.

इथे एक धोक्याची सूचना. डायबेटिकला आपण सरसकट सांगतो, भरपूर सॅलड खा, मोड आलेली मटकी खा, सालासकट फळं खा. बहुतेकांसाठी ते बरोबरच आहे. पण ज्याचं जठर मंद आहे त्याच्या पोटात हा चोथा साचून राहतो, कधी त्याचा गोळाही होतो. तेव्हा शेजारच्या चाचांना मानवलेलं पथ्य तुमच्या अब्बांना मानवेलच असं नाही. आणि जठर हलवणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने महिनोन्महिने आणू नका. मेटोक्लोप्रामाइड फार काळ घेतलं तर तोंडाच्या, हातापायांच्या हालचाली कायमच्या बिघडू शकतात. डॉम्पेरिडोनमुळे काही जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात.

पोट बिघडण्याची बाकीची कारणं

डायबेटिकचं पोट बिघडलं म्हणजे गॅस्ट्रोपॅरेसिसच, असंही समजू नका. पुष्कळदा कारण गोळ्यांच्या डब्यात असतं.

मेटफॉर्मिन ही सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी. चांगली, जुनी आणि स्वस्त. पण काही जणांना तिने मळमळ आणि जुलाब होतात. जेवणाबरोबर घेतली, डोस हळूहळू वाढवला किंवा सावकाश विरघळणारा प्रकार घेतला तर बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. म्हणून गोळी परस्पर बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा. हीच गोळी वर्षानुवर्षं घेतली तर शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि बी-१२ कमी झालं तरीही पायांना मुंग्या येतात. म्हणजे ज्या मुंग्यांना आपण शुगरच्या म्हणतो, त्यांचं कारण वेगळं आणि दुरुस्त होण्यासारखं असू शकतं. एक रक्ततपासणी पुरते.

व्होग्लिबोस आणि अकार्बोस या गोळ्या आतड्यात पिष्टमय पदार्थांचं पचन लांबवतात. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, म्हणून पोट फुगतं आणि गॅस होतो. यातली जिवाशी संबंधित गोष्ट लक्षात ठेवा. या गोळ्या घेणाऱ्या माणसाची शुगर पडली तर घरातली साखर लवकर काम करत नाही, कारण ती साखर फोडण्याचं कामच गोळीने अडवलेलं असतं. अशा घरात ग्लुकोजची पावडर हाताशी असलीच पाहिजे.

सध्या वजन कमी करायला म्हणून गाजणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं मुळात डायबेटिसच्या उपचारासाठी आली. ती जठराचा वेग कमी करतात. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे त्यांचे नेहमीचे परिणाम. ज्याचं जठर आधीच मंद आहे त्याने ही गोष्ट डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती घेऊ नयेत. आणि ‘शुगर-फ्री’ मिठाई पोटभर खाल्ल्यावर जुलाब झाले तर घाबरू नका. तिच्यातल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉलसारख्या गोडव्यांचा तो प्रताप असतो.

नसांच्या इजेमुळे आतड्यांचाही ताल चुकतो. कुणाला सतत बद्धकोष्ठ, कुणाला रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कुणाचा शौचावर ताबा राहत नाही. आपल्याकडे वडीलधारी माणसं याबद्दल तोंडातून शब्द काढत नाहीत. दावतीला जायचं टाळतात, प्रवास टाळतात, मशिदीत शेवटच्या सफमध्ये दाराजवळ उभे राहतात. आपल्याला वाटतं वय झालं. एकांतात, प्रेमाने विचारा. यावर उपचार आहेत.

आणि काही गोष्टींत वाट बघायची नसते. डायबेटिकच्या नसा बधिर असल्यामुळे हार्ट अॅटॅक कधीकधी छातीत कळ न येता येतो. पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ, दरदरून घाम, धाप, एवढंच दिसतं आणि घरात म्हणतात, गॅस झालाय, सोडा प्या. असं झालं तर सोडा नको, थेट हॉस्पिटल आणि ईसीजी. तसंच सतत उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, ही लक्षणं कीटोअॅसिडोसिसची असू शकतात. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका शुगर फार वाढलेली नसतानाही संभवतो. उलट्या होत असताना कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तीच नस, दुसरी जागा

पोटाची नस खराब झाली असेल तर तिच्या बहिणीही तपासा. सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? उभं राहिल्यावर बीपी एकदम पडत असू शकतं. डॉक्टरांना झोपून आणि उभं राहून असं दोनदा बीपी मोजायला सांगा. लघवी झाल्यावरही अडकल्यासारखी वाटते का? पुरुषांमध्ये लैंगिक ताकद कमी झालीय का? लाजेने हकीमाच्या पुड्या आणल्या जातात, पण तोही याच नसांचा भाग असू शकतो. शुगर पडताना आधी थरथर आणि घाम यायचा तो आता येत नाही, माणूस एकदम गुंगीत जातो, असं आहे का? ही सगळ्यांत धोक्याची गोष्ट, कारण घंटाच वाजायची बंद झालेली असते.

मग पाय. आपण दिवसातून अनेकदा वजू करतो, ही डायबेटिकसाठी एक प्रकारे सोय आहे. पाय धुताना ते बघूनही घ्यायचे. तळव्याला चीर, फोड, लाली, काही रुतलेलं? स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरा किंवा नातवाला सांगा. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, ओलाव्याने तिथे बुरशी होते. थंडीत गरम पाणी पायांवर घेण्याआधी हाताच्या कोपराने तपासायचं, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. मे महिन्यात भर दुपारी मशिदीच्या तापलेल्या फरशीवरून, दर्ग्याच्या अंगणातून अनवाणी चालू नका. उमरा-हजला जाणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा, दिसतंय तरीही, कारण नजर कमी होते तेव्हा उशीर झालेला असतो. किडनीसाठी क्रिएटिनिनबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी मागून घ्यायची. ती बिघाड लवकर सांगते. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या रोज चघळू नका, त्या किडनीला मारतात.

हे सगळं टाळता येतं का? बऱ्याच अंशी. टाइप १ डायबेटिसच्या १,४४१ पेशंटवर झालेला अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. शुगर काटेकोर सांभाळणाऱ्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी आणि नसांच्या आजाराचा ६० टक्क्यांनी कमी झाला. टाइप २ मध्ये ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासात एचबीएवनसी एका टक्क्याने कमी असलेल्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे आजार ३७ टक्क्यांनी कमी दिसले.

रोज्याचा प्रश्न

आपल्या घरात हा विषय रमजानपर्यंत येतोच. डायबेटिसचे पेशंट रोजे ठेवतात, आणि ती त्यांच्या मनाची गोष्ट आहे. त्यांना तोडून बोलू नका. पण माहिती द्या. तेरा देशांमधल्या २००१च्या पाहणीत टाइप २च्या पेशंटमध्ये शुगर धोकादायक पडण्याचं प्रमाण रमजानमध्ये साडेसात पटीने वाढलेलं आढळलं.

आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने यासाठी खास मार्गदर्शिका काढली आहे. २०२१च्या आवृत्तीत गुणांचा तक्ता आहे. इन्सुलिन, वारंवार पडणारी शुगर, किडनीचा आजार, वय यांचे गुण मोजतात आणि सहाच्या वर गेले तर रोजा न ठेवण्याचा सल्ला देतात. हे मोजणं रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे बसून करायचं, चांदरातीला नाही. ज्याचं जठर मंद आहे आणि इन्सुलिन चालू आहे, त्याने तर हे आवर्जून करावं. सहेरीचं जेवण कधी उतरेल याचा भरवसा नसताना दिवसभराचा हिशेब कसा लावणार?

रोज्यात शुगर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा, असं हीच मार्गदर्शिका सांगते. बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. आणि आजारी माणसाला सवलत आहे, फिदयाचा मार्ग आहे, हे आपण लहानपणीच शिकलोय. अडचण अशी असते की अब्बांना ही सवलत घेताना चोरट्यासारखं वाटतं. ते वाटू नये याची जबाबदारी घरच्यांची आहे. त्यांच्यासमोर दुपारचं ताट वाढताना चेहरा कसा ठेवायचा, एवढंही पुष्कळ असतं.

रोजा ठेवलाच तर इफ्तारला भजी, समोसे आणि सरबताचा मारा एकदम नको. तेलकट पदार्थ जठर आणखी मंदावतात. खजूर एखाद-दुसरा, पाणी, थोडं सूप, आणि जेवण थोड्या वेळाने.

या आठवड्यात करायच्या गोष्टी

पहिली. एक वही आणा आणि पाच रकाने आखा. औषधाची वेळ, जेवणाची वेळ, काय खाल्लं, शुगर, पोटाची तक्रार. दोन आठवडे पुरेत. मोबाइलवरचं अॅप चालेल, पण ज्यांनी लिहायचं त्यांना जमेल ते वापरा.

दुसरी. घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूडही त्यात येऊ द्या. सोबत हे प्रश्न न्या. पोटाचा त्रास शुगरमुळे आहे की गोळीमुळे? बी-१२ कधी तपासलं होतं? डोळे, लघवी, पाय यांची या वर्षाची तपासणी झाली का?

तिसरी. शुगर पडली तर काय द्यायचं हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असू द्या. माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. लाडू, चॉकलेट, बिस्किट नको, त्यातलं तूप-तेल साखरेला रोखून धरतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच १०८ला फोन.

चौथी, तुमच्यासाठी. ज्यांच्या आई-वडिलांना डायबेटिस आहे त्यांनी स्वतःची शुगर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या लोकांची शुगर आणि बीपी तपासतात. तिशीच्या आतले असाल आणि वजन वाढलेलं असेल, तरी थांबू नका.

आणि शेवटचं. शुगर वर-खाली झाली की "काय खाल्लंत?" हा प्रश्न आपण सवयीने विचारतो. त्याच्या जागी "किती वाजता खाल्लंत, आणि त्यानंतर पोट कसं होतं?" असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नावर माणूस गप्प होतो. दुसऱ्यावर तो बोलायला लागतो, आणि डॉक्टरांना हवी असलेली माहिती त्या बोलण्यातच असते.

आता प्रश्न विचारा. औषधांचे प्रश्न असतील तर आपल्यात बसलेल्या डॉक्टर आपाच उत्तर देतील.